एवढा एक आठवडा

लेस्यानं दार उघडलं आणि संपादक बोहदान स्वतः आलेले पाहून तिचा चेहरा फुलला.

“खोलीचं जमलं का?” तिनं विचारलं. बोहदान यांच्यासोबत शैलेंद्र होता, म्हणून ती इंग्रजीत बोलली.

‘मलिंगार गावात नवरा-बायकोसाठी खोली हवी’ ही तिची जाहिरात शैलेंद्रनंच लावली होती. पुण्याचा शैलेंद्र आठवडाभर चेरीवूडला नोकरी करायचा आणि शनिवारी बोहदान यांच्या युक्रेनियन साप्ताहिकाची पानं लावून द्यायचा. ती लिपी त्याला वाचता येत नव्हती. आज सकाळी बोहदान यांनी चार ओळी दिल्या आणि भोवती काळी चौकट घालायला सांगितली. लेस्याचा नवरा रोमान आघाडीवर गेला होता. लष्करातून सुटला की मार्चमध्ये इकडे यायचा होता. त्या ओळी त्याच्या आईनं पाठवल्या होत्या. सुनेला फोन करायचा तिला धीर झाला नव्हता.

“छापायच्या आधी तिला सांगायला हवं,” बोहदान म्हणाले होते. “गाडी काढतोस?”

लेस्यानं खुर्च्या पुढे केल्या, केटल लावली. बोहदान बसले नाहीत. आपल्या भाषेत दोनच वाक्यं बोलले. त्यातलं ‘रोमान’ तेवढं शैलेंद्रला कळलं.

ती ओटा धरून उभी राहिली. केटल उकळून बंद झाली तरी तशीच. तिनं शैलेंद्रला विचारलं, “अंक छापून झाला?”

“नाही. पानं अजून माझ्याकडेच आहेत.”

“मग या वेळी नका छापू.”

“लेस्या,” आता बोहदानही इंग्रजीत म्हणाले, “बारा वर्षांपूर्वी मशरूम पिकवायच्या शेडमध्ये आपला एक माणूस गेला. त्याच्या घरी कळवायचं कसं, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर पहिला अंक काढला. मृत्यूची बातमी मी कधीच अडवली नाही.”

“उद्या मी कामावर जाईन,” ती म्हणाली. “कुणाला माहीत नसेल, तर तिथल्या सगळ्याजणी विचारतील, ‘रोमान कधी येतोय?’ एवढा एक आठवडा मला ते ऐकू द्या.”

बोहदान यांनी टोपी काढून हातात घेतली. शैलेंद्रकडे पाहून होकाराची मान हलवली.

त्यानं तिथंच टेबलावर लॅपटॉप उघडला आणि ओळींसकट चौकट काढून टाकली. खालचा मजकूर वर सरकला. जागा भरून गेली.