मीठ बघ

डॉक्टरांची बग्गी वळणाआड गेली तरी आईच्या येरझाऱ्या थांबेनात. तिनं खिडकीचा पडदा ओढला, सरकवला, पुन्हा ओढला. वर्षभरात आजी, काका आणि सावत्र ताई पोटातल्या कळांनी गेले होते. आता सकाळपासून बाबांना तशाच कळा येत होत्या. "सूप निवलंय, त्यांना नेऊन दे," आई म्हणाली. मीठ बघितल्याशिवाय वाटी स्वयंपाकघराबाहेर न्यायची नाही, ही शिस्त तिचीच. मी सवयीनं चमचा ओठांशी नेला. तिनं झडप घालून तो उडवला, वाटी उलटली. मग ती बाहीनं माझे ओठ पुसत राहिली, कातडी हुळहुळी होईपर्यंत. "पोळलं असतं गं." ओट्यावरून ओघळणारं सूप तर गार होतं. मी तिचं मनगट धरलं. "आई, याच चमच्यानं ताईनं मीठ बघितलं, तेव्हा तू शेजारीच उभी होतीस. 'जमलंय ना गं', एवढंच विचारलं होतंस."