किती मैलांवरून?

१९२२ साली पिट्सबर्गच्या रेडिओवर मी दर गुरुवारी गायचे. जाड पडदे लावलेली खोली, समोर फक्त मायक्रोफोन. टाळ्या पोस्टाने यायच्या, श्रोत्यांनी भरून पाठवलेल्या छापील कार्डांवर.

"ड्वायरबाई, आज एकशे बारा!" निवेदक ऑर्व्हिलने गठ्ठा टेबलावर आपटला. "अकराशे मैलांवरून ऐकलंय तुम्हाला!"

सगळ्यांनी मैलच लिहिले होते. सातशे, नऊशे, अकराशे. कोणाला किती लांबचं स्टेशन लागतं, याचीच चढाओढ. गाणं कसं झालं, ते एका मेल्याने लिहिलं असेल तर शपथ!

शेवटच्या कार्डावर पत्ता माझ्याच इमारतीचा होता.

"अंतर: एक भिंत. गाणं सुरेख झालं. घरी येऊन रडता, तेही ऐकू येतं. कॉफी ठेवू का? – शेजारची हिल्डा."