गुहेतला ऊद

कोरोनाची धास्ती अजून सरली नव्हती, तरी मास्ट्रिख्टजवळच्या गुहेतलं मारियामातेचं जुनं देवस्थान बघायला आशुतोषने गरोदर सुनीतीला हट्टाने नेलं. आत शिरताच त्याने मास्क हनुवटीखाली ओढला.

"वर घे तो," ती म्हणाली.

"लॅबमध्ये विषाणू, घरी विषाणू, आता देवापुढेही विषाणू! कसली शास्त्रज्ञ तू? भित्री भागूबाई नुसती!" तो अगदी तिच्या तोंडाशी येऊन खेकसला.

गुहेत उदाचा धूर इतका कोंडला होता की मास्कमधूनही तिला मळमळायला लागलं.

"या वासाने उलटी होईल मला. बाहेर चल."

त्याने मुद्दाम छाती भरून श्वास घेतला आणि तो हसला.


"नाटकं पुरे. कसलाही वास येत नाहीये इथे."