सैल

खुर्चीवरची रबरी ट्यूब कचकचली आणि खोलीतली शांतता मोडली.

ट्यूब पोरीची, पोहायची, गुलाबी. तो त्या ट्यूबवर बसला होता, आधी एका अंगावर, मग दुसऱ्या. समोर व्यायामाच्या बाई बसल्या होत्या. त्या घरी आल्या होत्या, कारण तो त्यांच्या दवाखान्यात जायला तयार नव्हता. म्हणजे एकदा गेला होता. बाकावर सगळ्या पोटुशा बाया. एकीने सरकून जागा दिली आणि विचारलं, "मिसेस आत आहेत का?" तो हो म्हणाला आणि जिना उतरून सरळ घरी आला.

"ती माझी आहे," पोर ट्यूबकडे बोट दाखवत म्हणाली.

"बाबांनी घटकाभर घेतलीय. जा, आत चित्र काढ." तिच्या आईचा आवाज दमलेला होता. पोरीचा स्वेटर ती मघापासून घडी घालत होती आणि पुन्हा उलगडत होती.

बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. लघवीचे, प्रोस्टेटचे, सगळे रिपोर्ट साफ होते. दुखणं मात्र जिथल्या तिथे होतं, ओटीपोटाच्या खाली, बसायच्या जागेच्या आत.

"बसल्यावर वाढतं?"

"कामच बसायचं आहे."

तो उंच क्रेन चालवायचा. शिडी चढून एकदा केबिनमध्ये बसला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायची सोय नाही. हल्ली डबाही उभ्यानेच खायचा, म्हणून खालची पोरं त्याला 'उभ्या' म्हणायला लागली होती.

"पाणी पिता ना कामावर?"

"पिऊन करू काय? वर मोरी आहे का?"

बाई हसल्या नाहीत. "आणि तुमचं दोघांचं?"

त्याने भिंतीकडे पाहिलं.

"ते बंद आहे," बायकोच म्हणाली, भाजीवाला आज आला नाही म्हणावं तसं.

"व्यायाम काही करता?"

"करतो ना!" त्याच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. "आतून आवळून धरायचं, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. केबिनमध्ये बसूनसुद्धा करतो. एक दिवस चुकवला नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजपासून बंद. तुमचे आतले स्नायू आधीच मुठीसारखे आवळलेत. तुम्ही ती मूठ रोज आणखी घट्ट करताय. दुखणं वाढलं असेल."

"वाढलं."

"कोणी सांगितलं हे करायला?"

बायकोचा हात स्वेटरवरच राहिला. पोर झाल्यावर ह्याच बाईंनी तिला तो व्यायाम शिकवला होता. तिला गुण आला होता, शिंक आली की कपडे ओले व्हायची फजिती थांबली होती. म्हणून त्याचं दुखायला लागल्यावर तिने तो त्यालाही शिकवला. दार लोटून, शेजारी आडवं पडून, हसू दाबत. कितीतरी दिवसांत दोघं जवळ आली ती तेवढीच.

"बाई, मी..."

"मोबाइलवर बघितलं," तो मध्येच म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"क्रेन चालवायला मोबाइलवर बघून शिकलात?"

"नाही."

"मग?"

तो ट्यूबवर पुन्हा दुसऱ्या अंगावर कलला.

बाईंनी चटई पसरली. "इथे आडवे व्हा. गुडघे वर घ्या. कपडे आहेत तसेच राहू द्या. मी पोटावर हात ठेवू?"

तो उभा राहिला. त्याची नजर दाराजवळच्या बुटांकडे गेली, आणि बायकोने श्वास धरला. आज हा बाहेर पडला तर पुन्हा कोणासमोर बसायचा नाही. दुखणं गिळत राहील आणि एक दिवस क्रेनची शिडीही सोडेल. तिला हे ठाऊक होतं, पण आता समजावायचंही त्राण उरलं नव्हतं.

"ठेवा," तो म्हणाला आणि चटईवर पडला.

"श्वास घ्या. पोट फुगू द्या. आता सगळं सैल सोडा."

"सोडलं."

"नाही सोडलं."

"सोडलंय हो!"

"जबडा बघा तुमचा. हात बघा."

दोन्ही मुठी क्रेनचे दांडे धरल्यासारख्या वळलेल्या होत्या. तो छताकडे बघत राहिला.

"सवय नाही," तो म्हणाला. "वर सैल सोडून चालत नाही, बाई. खाली माणसं असतात."

बायको त्याच्या उशाशी येऊन बसली. झोपलेल्या पोरीच्या हातातून खेळणं काढावं तसं तिने त्याचं एकेक बोट उघडलं.

"इथे खाली कोणी नाही," ती म्हणाली. "चटई आहे नुसती."

पोट वर आलं, खाली गेलं. पुन्हा वर आलं, आणि ह्या वेळी खाली गेलं ते रोजच्या जागी अडलं नाही. जबडा सुटला. डोळ्यांच्या कडांनी पाणी निघालं आणि कानांत उतरलं. त्याने ते पुसलं नाही.

"हं. हेच," बाई हळूच म्हणाल्या. "पुढच्या वेळी दवाखान्यात याल ना?"

"येईन. तिथे सरकून जागा देतात."

पोर दारात उभी होती. खडू टाकून ती धावत आली, चटईशी गुडघे टेकून बसली आणि गाल फुगवून वाकली. मग थांबली. तिने बाबाचा गुडघा पाहिला, कोपर पाहिलं, कपाळ पाहिलं. खरचटलेलं कुठेच दिसेना.

"आई, बाबाला कुठे लागलंय?" तिने विचारलं. "सांग ना, मी फुंकर घालते."