हात वर

काखेत कात्री लपवलेली बाई एकच हात वर करते. झडतीवाली मावशी एवढ्यावरून चोर ओळखायची. शिवणकारखान्याच्या फाटकाशी तिने आयुष्य काढलं होतं आणि कुणावर विश्वास टाकायचा वेडेपणा कधी केला नव्हता.

नव्या मॅनेजरला मात्र विश्वासाची भारी हौस. त्याने पगार वाढवले, जेवण फुकट केलं, आजारपणाची रजा दिली आणि झडती बंद केली.

"पोट भरलेलं असलं की कोण कशाला चोरेल, मावशी?"

"पोटासाठी कुठे चोरतात साहेब? खोड असते ती."

"महिनाभर बघू. काही गेलं नाही, तर झडतीची जागाच काढून टाकू."

त्या जागेवर मावशी बसते आणि तिच्या जिवावर घरी अंथरुणाला खिळलेला नवरा जगतो, हे साहेबांच्या गावीही नव्हतं.

महिनाभर मावशीने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. कुणाची पिशवी फुगलेली वाटे, कुणी उगाच गोड बोले. भिंगरी तर पूर्वी कात्रीसकट सापडलेली, तीही रोज हसून "येते हं मावशी" म्हणायची. काहीतरी शिजत होतं, नक्की. पण कपाटातली सुईसुद्धा हलली नाही. मावशी उरलेले दिवस मोजू लागली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुट्टीनंतर सामानाची मोजदाद व्हायची होती. त्याआधीच मावशीने कपाटातली एक कात्री उचलली आणि स्वेटरच्या आत, उजव्या काखेत दाबली. आळ भिंगरीवरच येईल. येऊ दे. आज ना उद्या तिने चोरलीच असती.

सुट्टी झाली. बायका खिदळत फाटकाशी आल्या. मागे मॅनेजरही कौतुकाने बघत उभा होता. भिंगरीने कमरेवर हात ठेवून मावशीची वाट अडवली.

"मावशी, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला तपासलंत. आज आम्ही तुम्हाला तपासणार. चला, हात वर."

एकच हशा पिकला.

"पुरे गं चेष्टा. घरी जा आता."

"एकदाच, मावशी. आमची हौस म्हणून."

सगळ्या बघत होत्या. मावशी कसंनुसं हसली आणि तिने डावा हात वर केला.

बायका हसतच होत्या. हसायची थांबली ती एकटी भिंगरी.