अर्धा शिक्का

चिमट्यात धरलेलं तिकीट भालचंद्रने अलगद पाकिटाच्या कोपऱ्यावर टेकवलं. स्वतंत्र देशाच्या सुरुवातीच्या तिकिटांपैकी ते एक. पण नेमकं कधी निघालं, याचा छडा अजून कुणाला लागला नव्हता. त्याच्या तिकिटावर टपालाच्या शिक्क्याचा अर्धाच गोल होता, महिना आणि सालाचा. तारखेचा आकडा राहिला होता पाकिटावर, आणि पाकीट अक्काकडे.

लहानपणी त्यानेच हे पाकीट पाण्यात भिजवून तिकीट सोडवून घेतलं होतं. तेव्हापासून तो तिकिटांचाच झाला. संसार मांडला नाही, बहिणीकडे भाऊबीजेलाही फिरकला नाही. आज आला, तोसुद्धा या आकड्यासाठी.

गोलाला गोल जुळला. भिंगाखाली नऊचा आकडा स्वच्छ दिसला. सगळ्या जाणकारांच्या अंदाजाहून आठवडाभर आधी!

“अक्का, लागला गं छडा!” तो ओरडला. ही बातमी सांगायला त्याला दुसरं कुणी नव्हतंच.

अक्काने चहा पुढे सरकवला. “बरं झालं बाबा. आपल्या आप्पांनी परगावाहून माझ्या नावानं धाडलेलं हे एकच पत्र. पुढं ते परत आलेच नाहीत. पाकिटावर माझं नाव होतं त्यांच्या हातचं, ते तुझ्या पाण्यात गेलं. आता भिंग हातात आहेच, तर तेवढं नाव कुठं दिसतंय का बघ.”

तो वाकला. भिंगाखाली निळा डाग तेवढा मोठा झाला. चहावर साय धरली, तरी मान वर करायचा त्याला धीर होईना.