बटाट्याला पाच एकर

खुंटीवरची साखळी खळकन वाजली. दुपारच्या झोपेत बुडालेल्या घरात तेवढाच काय तो आवाज. बटाटा मागच्या पायांवर उभा राहून ती नाकानं ढोसत होता. सकाळी पुण्याहून लोणीला, प्रतिभाच्या माहेरी येईपर्यंत गाडीत त्यानं कसाबसा दम धरला होता. आता त्याची फिरायची वेळ झाली होती.

"लबाड," प्रतिभा कुजबुजली. तिच्या कुशीतली प्रांजल टक्क जागी होती.

"आई, पळाला तरच इथं ठेवायचा हं. नाही पळाला तर परत न्यायचा. ठरलंय आपलं."

"ठरलंय गं," प्रतिभा म्हणाली, आणि तिनं लेकीला आणखी जवळ ओढलं.

बटाटा घरी आला तेव्हा मांजराएवढा होता. आता उभा राहिला की प्रांजलच्या खांद्यावर पंजे टेकवायचा. सोसायटीच्या आवारात कुत्रं मोकळं सोडायला बंदी. मग प्रतिभानं त्याच्या पळण्यासाठी अख्खं पुणं पालथं घातलं. एका डॉग पार्कात फक्त छोट्या कुत्र्यांना प्रवेश. दुसरं दुरुस्तीसाठी बंद झालं ते झालंच. तिसरं मात्र झकास होतं. उंच जाळी, पाठोपाठ दोन गेटं. गेटाशी बसायचं, साखळी काढून घ्यायची, मग आत सुटायचं. तास संपला की पुन्हा साखळी. अगदी प्रांजलच्या प्ले-एरियासारखं. बटाटा तिथं वेडापिसा होऊन पळायचा. पण गेल्या महिन्यात त्या जागेवरही इमारतीचा पाया खणायला घेतला. त्यानंतर बटाट्यानं सोफा फाडला, मग गादी, मग समोरच्या काकूंच्या नव्या चपला. शेवटी प्रतिभालाच सुचलं, आपलं माहेर कशासाठी आहे? पाच एकर रान. ना गेट, ना तास.

"कुत्र्याला कुणी बटाटा म्हणतं व्हय?" चिमाबाईनं, प्रतिभाच्या आईनं, झोप झाल्यावर चहा ओतता ओतता विचारलं. "आमी बटाटा पोत्यात भरतो बाई."

"तू पदरात घे," प्रतिभा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे की," सोनबा बशीतला चहा फुंकत लेकीला म्हणाला. "दिवसा रान हाये. रातच्याला पडवीत कोंडू. बिबट्यानं औंदा लई कुत्री उचलली."

ऊन कलल्यावर सोनबा, प्रतिभा आणि प्रांजल बटाट्याला घेऊन रानात गेली. कांदा निघून गेला होता. वावर मोकळं पडलं होतं, पार उसाच्या कडेपर्यंत. सोनबाच्या स्वतःच्या मेंढ्या होत्या तेव्हा प्रतिभा याच वावरात कोकरांमागं हुंदडायची. दम लागला की थांबायची, नाहीतर आईची हाक आली की.

ती वाकली. एका हातानं साखळीची कडी काढली.

"जा रे राजा. सगळं तुझंच."

बटाटा खाली बसला.

सोनबानं ढेकूळ फेकलं. बटाट्यानं ढेकळाकडं पाहिलं, मग सोनबाकडं पाहिलं, आणि अदबीनं शेपूट हलवलं. प्रतिभा प्रांजलला ओढत स्वतः धावली. बटाटा तिच्या टाचेला टाच लावून चालत आला. ती थांबली, तो बसला.

"नाही पळत!" प्रांजलचा चेहरा फुलत चालला. "आई, नाही पळत तो!"

तेवढ्यात बटाट्याचे कान उभे राहिले. बांधापलीकडं शेजारच्या गेणूकाकानं रात्री मेंढ्या कोंडायला वाडा बसवला होता. मेंढ्या चरायला गेलेल्या. मागं नुसती जाळी, काठ्यांवर चौकोनी ताणलेली, आणि आत लेंड्यांचा थर. बटाटा तरातरा तिथं गेला. जाळीच्या तोंडाशी शहाण्यासारखा बसला आणि साखळी काढून घ्यायला मान वर केली.

साखळी तर नव्हतीच गळ्यात. प्रतिभानं हवेतच कडी काढल्यासारखं केलं आणि जाळी सरकवली.

मग सुटला बटाटा! कान मागं, जीभ बाहेर, लेंड्या उधळत गोल गोल गोल. कोपऱ्यात घसरला, कोलांटी खाल्ली, उठून पुन्हा सुसाट.

"आरं तुझ्या!" सोनबा पोट धरून खाली बसला. "पाच एकर सोडून लेंड्यांत पळतंय!"

"आबा, जाळी असली तरच पळायचं असतं, असं वाटतं त्याला," प्रतिभा डोळे पुसत म्हणाली. हसूच आवरेना तिला.

"घिऊन जा माय तुझा बटाटा. ह्यो हितं न्हाई रुजायचा."

प्रांजलनं आनंदानं जागच्या जागी चार उड्या मारल्या.

"आन् ती पोरगी तरी सोड आता," सोनबा म्हणाला. "घरातनं निगाल्यापास्नं धरून ठिवलीस."

प्रतिभानं खाली पाहिलं. प्रांजलची मूठ तिच्या मुठीत होती. बटाट्याची साखळी काढताना होती, धावताना होती, हवेतली कडी काढतानाही होती. घामानं दोघींचे तळवे ओले झाले होते.

तिनं हात सोडला.

"जा. पळ तूपण."

प्रांजलनं दोन पावलं टाकली. रिकामा तळहात फ्रॉकला पुसला. उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, लांब उसाच्या हिरव्या भिंतीकडं पाहिलं. मग शहाण्या मुलीसारखी मागं वळली आणि मान वर करून तिनं विचारलं,

"आई, कुठपर्यंत?"